हळदीच्या गाण्यातली टिक

माझ्या सासूला मी आत्याबाई म्हणते. भोकरदनच्या आमच्या गल्लीत मात्र त्या गाण्याच्या मावशी. हळद असो, बारसं असो, विहारातला कार्यक्रम असो, गाणं धरायला त्याच लागतात. गाणं कुठं शिकलात असं कुणी विचारलं तर म्हणतात, "शिकायला काय गेल्ते कुठं? निंदता निंदता आलं." शेतात निंदणीला बायकांची रांग लागायची. त्या रांगेत एकीनं ओळ टाकायची आणि दुसरीनं जोडायची. आत्याबाईंचं जोडणं इतकं चटकन व्हायचं की हळूहळू टाकणं पण त्यांच्याचकडे आलं.

मी जालन्यातल्या एका कॉलेजात कम्प्युटर शिकवते. नवरा संभाजीनगरला कंपनीत, रविवारचा येतो. म्हणजे आठवडाभर घरात आम्ही दोघीच. सकाळी मी बस गाठायला पळायची आणि संध्याकाळी परत येईस्तोवर त्यांचं जेवण उरकलेलं असायचं. भांडण कधी झालं नाही, पण गप्पाही कधी झाल्या नाहीत. मीठ कमी पडलं का, पाणी आलं का, एवढ्यावर आमचं बोलणं संपायचं.

गेल्या उन्हाळ्यात नणंदेच्या मुलीचं लग्न ठरलं. नणंद तीर्थपुरीला दिलेली. मुलगी नर्सिंग शिकलेली, स्कुटीवरून दवाखान्यात ड्युटीला जाणारी, आजीची फार लाडकी. पण आत्याबाईंचे गुडघे त्या दिवसांत एवढे दुखत होते की हळदीला मांडी घालून तासन्‌तास बसणं जमायचं नाही, हे त्यांनी स्वतःच ओळखलं होतं. माझ्या सुट्ट्या लागल्या त्याच आठवड्यात चहाचा कप खाली ठेवत त्या म्हणाल्या, "डीजेवाला लावील ते लावील. पण माझ्या नातीच्या हळदीला माझं गाणं वाजलं पाह्यजे. तू कम्प्युटरची मास्तरीण हायेस ना? मंग दे भरून."

गाणं तयारच होतं. नवं, नातीवर केलेलं. त्यांनी तिथंच त्यातल्या मधल्या दोन ओळी म्हणून दाखवल्या:

स्कुटीवर निघाली नात गं माझी, वेणी उडं वाऱ्यानं,
हळद लावू, थांबव गाडी, हाक मारली साऱ्यानं.

आधी मोबाईलवर भरून पाहिलं. मोबाईलला काय वाटलं कोण जाणे, तो टाळ्यांचा आवाज गोंगाट समजून गिळून टाकायचा. आत्याबाई टाळीवर गातात. टाळी गेल्यावर त्यांचं गाणं लंगडं वाटायला लागलं. "हे न्हाई चालायचं बिलकुल," त्या म्हणाल्या. मग नवऱ्यानं एक बरा माईक आणून दिला. माझ्याकडे शिकत असतानाचा जुना लॅपटॉप होता, त्याच्यावर विंडोजऐवजी लिनक्स टाकलेलं. एका रविवारी नवऱ्यानं ढोलकी वाजवून दिली, ती मी आधी भरून घेतली. झकास आली. आता इयरफोनमधून कानात ढोलकी ऐकायची आणि त्यावर आत्याबाईंनी गायचं, असं ठरलं.

मागच्या खोलीत आम्ही स्टुडिओ केला. भिंतींना आणि खिडकीला वाकळा टांगल्या, म्हणजे आवाज घुमायला नको. पंखा बंद, कूलर बंद, ट्यूबलाइटची घरघर नको म्हणून ती पण बंद. मे महिन्यातल्या भर दुपारी त्या अंधाऱ्या खोलीत आम्ही दोघी घामानं निथळत बसलो होतो. आत्याबाईंनी डोक्यावरचा पदर मागं सारला, इयरफोन कानात घातले आणि गायला लागल्या. मी आजवर त्यांना नेहमी बायकांच्या घोळक्यात ऐकलं होतं. समोर बसून, एकटीनं, पहिल्यांदाच ऐकत होते. आवाज जुना होता पण कुठंही हलत नव्हता.

गाणं संपल्यावर आम्ही ते पुन्हा लावलं. पहिलं कडवं छान गेलं. दुसऱ्या कडव्यात मध्येच 'टिक' झालं. जरा वेळानं पुन्हा 'टिक'.

"हे खडे कोण मारून राह्यलं?" आत्याबाईंनी विचारलं.

मी म्हणाले, वायर ढिली असेल. वायर बदलली. टिक आहे तिथंच. माईक दुसऱ्या बाजूला लावला, लॅपटॉप बंद करून चालू केला, तरी तेच. तेव्हा मला संशय आला की दोष माईकमध्ये नाही, मशीन आवाज घेता घेता क्षणभर थांबतं आहे.

आवाज लॅपटॉपमध्ये येतो तो थेट फाईलमध्ये जात नाही. आधी थोडा थोडा एका जागी साठतो आणि तिथून उचलला जातो. उचलणारा वेळेवर आला नाही की ती जागा भरून वाहते आणि मधला तुकडा हरवतो. त्या हरवलेल्या तुकड्याची ती टिक. साठवण मोठी ठेवली तर थोडा उशीर चालून जातो. ढोलकी भरताना मी तसंच केलं होतं, म्हणून ती साफ आली होती. पण आत्याबाईंचे कान इयरफोननं बंद, त्यांना स्वतःचा आवाज इयरफोनमधूनच ऐकवावा लागायचा. साठवण मोठी केली की तो आवाज त्यांच्या कानात उशिरा पोचायचा. मी एकदा करून बघितलं. त्यांनी अर्धी ओळ म्हटली आणि थांबून मागं वळून पाहिलं.

"माझ्या मागून कोण गाऊन राह्यलं?"

म्हणजे साठवण लहानच ठेवायची आणि मशीन का थांबतं ते शोधून काढायचं, एवढा एकच रस्ता राहिला.

आता गंमत अशी, की मी कॉलेजात शिकवते तो विषयच ऑपरेटिंग सिस्टिमचा. तिचा गाभा असतो तो कर्नल. आपले प्रोग्राम आणि खालचं मशीन यांच्यामधला कारभारी. कुणाला कधी काम द्यायचं, कुणाला थांबवायचं, हे सगळं तो बघतो. कर्नलच्या आत काय चाललंय ते बघायची साधनं लिनक्समध्ये आधीपासूनच बसवलेली असतात, एरवी झोपलेली असतात एवढंच. त्यातल्या एकाचं नाव एफट्रेस. ठरावीक फायलींमध्ये दोन-चार शब्द लिहिले की ते जागं होतं आणि कर्नलच्या आत कोणतं काम कुणी कुणाला सांगितलं, ते कधी सुरू झालं, किती वेळ चाललं, याची नोंद करत सुटतं. हे सगळं मी फळ्यावर कितीदा तरी शिकवलं होतं. शिकत असताना प्रोजेक्टपुरतं वापरलंही होतं. पण स्वतःच्या घरात, स्वतःच्या गरजेसाठी वापरायची वेळ कधी आली नव्हती. मला एकदम हुरूप आला.

आत्याबाई माझ्याशेजारी खुर्ची ओढून बसल्या. पडद्यावर ओळी वरून खाली धावत होत्या.

"हे काय हाय?"

"हा कर्नल काय करतोय त्याची नोंद आहे, आत्याबाई."

"मिल्ट्रीतला?"

"नाही, कम्प्युटरमधला. त्याच्या आत हजारो फंक्शनं असतात..."

"फंक्शन? म्हणजे बारसं, साखरपुडा, तसलं?"

मी हसले. मग विचार केला, चालेल की. फंक्शन म्हणजे एक काम. एक फंक्शन दुसऱ्याला बोलावतं, ते येतं, काम करतं, परत जातं. त्यालाही मध्येच तिसऱ्याची गरज लागली तर ते त्याला बोलावतं. कोण कुणाच्या बोलावण्यावरून आलं आणि किती वेळ थांबलं, ते इथं दिसतं.

आत्याबाईंनी चष्मा नीट केला. "मंग जास्त वेळ बसलेला पाव्हणा कसा ओळखायचा?"

"त्याच्यापुढं खूण येते. फारच वेळ लावला तर चांदणी येते."

"असं सांग की. मंग चांदणी धुंडू."

पण ओळी इतक्या वेगानं येतात की एका टिकेच्या आसपास हजारो ओळी निघून जातात, त्यातून माणूस काय शोधणार. म्हणून मी पुण्याच्या माझ्या मैत्रिणीला फोन केला. आम्ही एकाच होस्टेलवर होतो. तिचं रोजचं कामच कर्नलमध्ये डोकावण्याचं. तिला सगळं सांगितलं, तर ती आधी सासूबाईंचं गाणं ऐकव म्हणाली. ऐकवलं. मग म्हणाली, "सोपं आहे. आवाजाचा तुकडा हरवला की कर्नलला ते कळतं. त्याला सांगून ठेव, हरवला रे हरवला की नोंद तिथल्या तिथं थांबव. मग तुझ्या हातात फक्त टिकेच्या आधीचं राहील."

तसं लावून ठेवलं. आत्याबाई गायला बसल्या. टिकेची अशी आतुरतेनं वाट आम्ही आधी कधी बघितली नव्हती. तिसऱ्या कडव्यात नोंद थांबली आणि मी हात वर केला. आत्याबाईंनी ओळ अर्ध्यात सोडली आणि खुर्चीवरून वाकून बघायला लागल्या.

चांदणी सापडली. वायफायच्या कामातल्या एका फंक्शनपुढं होती. एरवी ते डोळ्याचं पातं लवायच्या आत उरकणारं काम, आणि त्याच्यापुढं एवढा वेळ. मी खूश झाले. वायफाय बंद करून टाकलं, आत्याबाईंना म्हणाले, "झालं काम. आता गा बिनधास्त."

त्या गायल्या. टिक आली.

या वेळी चांदणी घड्याळाच्या कामातल्या फंक्शनपुढं. त्याच्या पुढच्या वेळी फाईल लिहिण्याच्या कामातल्या फंक्शनपुढं. तिसऱ्या दिवशी आणखी कुठं. मी एकेक गोष्ट बंद करत गेले. लॅपटॉप जवळजवळ काहीच करेनासा झाला तरी टिक आपली येतेच आहे.

"रोज नवा चोर सापडून राह्यलाय," आत्याबाई म्हणाल्या. "पोलीस पाटलाचं पण डोकं फिरंल."

ते दिवस आठवले की मला फार बरं वाटतं. सकाळी स्वयंपाक लवकर उरकायचा आणि दोघींनी मागच्या खोलीत जाऊन बसायचं. गाण्याच्या मध्ये थांबलो की त्या काहीबाही सांगायच्या. लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा त्यांना शहरातलं सासर मिळालं म्हणून माहेरी सगळे हसले होते, कारण तेव्हाचं भोकरदन त्यांच्या खेड्यापेक्षा काही फार मोठं नव्हतं. माझा नवरा लहान असताना ढोलकी वाजवायचा हट्ट करून विहारातल्या कार्यक्रमात सगळ्यांच्या पुढं जाऊन बसायचा आणि तिथंच झोपी जायचा. मीही त्यांना पहिल्यांदाच माझ्या वर्गातल्या गोष्टी सांगितल्या. एक मुलगी रोज शेवटच्या बाकावर बसून स्वेटर विणते आणि तरी परीक्षेत पहिली येते, हे ऐकून त्यांना त्या मुलीला बघायची इच्छा झाली.

मैत्रिणीला मी पुन्हा फोन केला. स्पीकरवर ठेवला, म्हणजे आत्याबाईंनाही ऐकता यावं. सगळ्या चांदण्या वाचून दाखवल्या.

"वेगवेगळ्या जागी येतात?" ती म्हणाली. "मग त्यांतलं कुणीच दोषी नाही. कर्नलच थांबवला जातोय. थांबला तेव्हा ज्याचं काम चालू होतं, तो वेळ त्याच्या खात्यावर चढतो."

"बिचारे," आत्याबाई म्हणाल्या. "बसल्या जागी धरले गेले."

"कर्नलला कोण थांबवणार?" मी विचारलं.

"त्याच्या खाली मशीनचं स्वतःचं एक सॉफ्टवेअर असतं ना, कंपनीनं कारखान्यातच भरून दिलेलं. ते कधीकधी सगळं हातात घेतं, आपलं काम करतं आणि परत देतं. मधे किती वेळ गेला तेवढं कर्नलला दिसतं, काय झालं ते दिसत नाही."

"मंग कळणार कसं, माय?" आत्याबाईंनी फोनच्या जवळ तोंड नेऊन विचारलं.

मैत्रीण म्हणाली, "तुम्ही टिक झाली की नोंद थांबवता. म्हणजे आधीचंच दिसतं. आता थांबवू नका. टिकेच्या जागी फक्त खूण करा आणि नोंद पुढं चालू द्या. खालच्यानं काही केलं असेल तर नंतर तो कर्नलला निरोप देईल."

हे मला सुचायला हवं होतं असं वाटलं, पण सुचलं नव्हतं हे खरं. दुसऱ्या दिवशी तसं केलं. टिक आली, खूण पडली, आणि मी खुणेच्या खालच्या ओळी वाचायला लागले. थोड्याच अंतरावर एक फंक्शन होतं, त्याच्या नावाचा अर्थच असा की वीजपुरवठ्यात बदल झाला. पुढच्या टिकेच्या खाली तेच. त्याच्या पुढच्या टिकेच्या खालीही तेच. लॅपटॉपला दर वेळी वाटत होतं की चार्जर कुणीतरी काढला आणि लगेच परत लावला.

मी चार्जरची पिन हलवून बघितली. घट्ट होती. भिंतीतलं सॉकेट बदलून बघितलं, काही फरक नाही.

"मंग चार्जर काढूनच टाक," आत्याबाई म्हणाल्या.

काढला. पहिलं कडवं स्वच्छ. दुसरं कडवं स्वच्छ. तिसऱ्याला आत्याबाईंनी आवाज चढवला आणि पडदा काळा झाला. जुनी बॅटरी, तिच्यात तेवढाच जीव. लॅपटॉप परत चालू व्हायलाही बराच वेळ लागला.

"माझ्या गुडघ्यावाणी हाय याचं," त्या म्हणाल्या. "एकदा बसलं की उठत न्हाई."

चार्जर तर हवाच. मग चार्जरलाच काय होतंय ते बघू, म्हणून मी खोलीतला साधा पिवळा बल्ब लावला. इतके दिवस आम्ही आवाजासाठी सगळं बंद करून अंधारात बसत होतो, त्यामुळं विजेचं काय चाललंय ते दिसायला काही साधनच नव्हतं. आता एकीनं बल्बकडे बघायचं आणि एकीनं पडद्याकडे. मी गाणं न भरता नुसतीच नोंद लावून ठेवली. बराच वेळ काही झालं नाही. आत्याबाई बल्बकडे टक लावून बसल्या होत्या, त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आणि मग बल्ब मंद होऊन परत उजळला.

"झाला बघ," त्या म्हणाल्या.

"पडली खूण," मी म्हणाले, आणि आम्ही एकमेकींकडे बघून खुदकन हसलो.

व्होल्टेज क्षणभर पडतं, चार्जर गेला असं लॅपटॉपला वाटतं, त्याचं आतलं सॉफ्टवेअर धावत येऊन सगळं थांबवतं, आणि आत्याबाईंच्या गाण्याचा तुकडा हरवतो. आता व्होल्टेज कशानं पडतं एवढंच राहिलं. आत्याबाई चप्पल घालून गल्लीत गेल्या. पाचच मिनिटांत त्यांचा फोन आला.

"गिरणी हाय," त्या म्हणाल्या. मागून पट्ट्याचा आवाज येत होता.

आमच्या घरापासून दोन घरं सोडून पिठाची गिरणी आहे. तिची आणि आमची वीज एकाच खांबावरून येते. मोठी मोटर सुरू होताना एकदम जोर ओढते, तेवढ्यापुरते आसपासचे दिवे दबतात. हे गल्लीत सगळ्यांना इतकं सवयीचं होतं की कुणी त्याकडं बघतही नव्हतं.

"आत्याबाई, खात्री करू या," मी फोनवर म्हणाले. "त्यांना सांगा, बंद करून परत चालू करा."

गिरणीवाले भाऊ पन्नाशीचे, गंभीर स्वभावाचे. भुवया कायम पिठानं पांढऱ्या. फोनमधून त्यांचा आवाज मला ऐकू येत होता.

"मावशी, कामून बंद करायची? मिरच्या न्हाईत, गहू हायेत, मधेच बंद केलं तर दगड अडकून बसंल."

"गहू संपू दे. मंग रिकामी चालू कर."

गहू संपले. मोटर बंद झाली. मग आत्याबाईंनी हुकूम दिला, "कर चालू." माझ्या पडद्यावर खूण पडली. "कर बंद." काही नाही. "कर चालू." खूण. असं चार-पाच वेळा झालं. मी इकडून "पडली, पडली" म्हणत होते, आणि तिकडं दळण घेऊन आलेल्या बायका गोळा होऊन हे काय चाललंय ते बघत होत्या.

भाऊंच्या आवाजात काळजी आली. "मावशी, लाइटच्या ऑफिसातून तक्रार तर आली न्हाई ना माझी?"

"तुझी तक्रार कर्नलनं केली," आत्याबाई म्हणाल्या.

"कोण कर्नल?"

मग मी स्वतःच गिरणीवर गेले आणि त्यांना सगळं समजावून सांगितलं. नातीची हळद, गाणं, टिक, बल्ब. भाऊंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. गाणं किती वेळाचं आहे, एवढंच विचारलं. मी सांगितलं. त्यांनी खांद्यावरच्या फडक्यानं हात पुसले आणि म्हणाले, "एवढंच ना. तुमचं होईस्तोवर बंद ठेवतो. बराबर भरून घ्या."

आता दळणाला आलेल्या बायकांचं काय? ऊन मी म्हणत होतं. गिरणीत पंखाही नाही. एक म्हातारी गव्हाच्या डब्यावर बसून म्हणाली, "आम्ही हितं बसून काय करावं?" आत्याबाई तिच्याकडं बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "माझं एकटीचं गाणं कसं लागून राह्यलं सांगू? रिकाम्या खोलीत कुणी बोलावं तसं. हळदीचं गाणं एकटीनं म्हणत न्हाईत."

खरं होतं ते. गाणं भरून झाल्यावर दर वेळी मला काहीतरी कमी वाटायचं, पण टिकेच्या नादात ते काय आहे याचा विचारच केला नव्हता.

सगळ्या बायका आमच्या मागच्या खोलीत आल्या. डबे ओसरीत ठेवले. काहीजणी ओळखीच्या, एक-दोघी नुसत्या तोंडओळखीच्या. वाकळांनी झाकलेल्या भिंती बघून एकीनं विचारलं, "हितं बाळंतीण हाय का?" आत्याबाईंनी ध्रुवपद शिकवलं. दोन वेळा म्हणताच सगळ्यांना आलं. इयरफोन आता नकोच म्हणाल्या त्या, "बाया असल्यावर मला आवाज ऐकू येतो." मग ढोलकी कशी ऐकू येणार? मीच इयरफोन कानात घालून ढोलकीच्या ठेक्यावर हातानं ताल दाखवायचा आणि त्यांनी माझ्या हाताकडं बघून गायचं, असं ठरलं.

गिरणीवाले भाऊ दारात येऊन उभे राहिले. आपल्या पाठीमागं कुणी मोटर सुरू करू नये म्हणून गिरणीला कुलूप लावून आले होते. किल्ली हातात होती.

पहिल्या वेळी स्कुटीची ओळ आली आणि एक तरुण सून हसत सुटली. दुसऱ्या वेळी ओसरीतला डबा कुणाच्या तरी कोंबडीनं पाडला. मग एकदा सगळ्यांनी पाणी प्यायलं, पदरानं तोंडं पुसली, आणि आत्याबाईंनी जी ओळ उचलली ती उचललीच. ध्रुवपदाला सगळ्या एकदम आल्या. टाळ्यांनी वाकळा हलत होत्या. माझा हात ताल दाखवता दाखवता कधी नुसताच टाळ्या वाजवायला लागला ते मला कळलं नाही, पण त्या चुकल्या नाहीत.

गाणं संपलं. मी पडदा बघितला. एकही खूण नव्हती. मग पहिल्यापासून लावून ऐकवलं. स्वतःचा आवाज ऐकताना बायका तोंडावर पदर घेत होत्या आणि एकमेकींना ढोसत होत्या. म्हातारी म्हणाली, "माझा आवाज जास्त आला का?" भाऊ म्हणाले, "तुमचाच छान आला." आणि किल्ली फिरवत गिरणीकडं गेले. थोड्या वेळानं बल्ब दबला आणि परत उजळला.

मैत्रिणीला गाणं पाठवलं. तिनं उत्तरात लिहिलं की ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना ऐकवलं आणि आता दोघीजणी स्कुटीची ओळ गुणगुणत फिरताहेत.

तीर्थपुरीला आम्ही हळदीच्या आदल्या दिवशी पोचलो. डीजेवाल्याकडं पेन ड्राइव्ह दिला. दुसऱ्या दिवशी मांडवात नवरीला पाटावर बसवलं आणि त्यानं गाणं लावलं. मोठ्या स्पीकरमधून आत्याबाईंचा आवाज बाहेर पडला तेव्हा नणंद हातात हळदीची वाटी घेऊन तशीच उभी राहिली. नातीला पहिल्या ओळीला कळलंच नाही. स्कुटी ऐकल्यावर तिनं मान वर केली आणि आजीकडं बघितलं. आजी खुर्चीवर पाय लांब करून बसली होती, चेहरा एकदम कामात असल्यासारखा, परीक्षा घेणाऱ्या बाईसारखा.

"दुसऱ्या कडव्याला घाई झाली," त्या माझ्या कानात म्हणाल्या. "बाकी बराबर हाय."

लोकांनी परत लावा म्हणून आग्रह केला, डीजेवाल्यानं परत लावलं. दुसऱ्यांदा तिथल्या बायकाही ध्रुवपदाला मिळाल्या. तिसऱ्यांदा लावायला त्यानं हात पुढं केला तर आत्याबाईंनी खुर्चीतूनच बोट हलवून त्याला थांबवलं. खुर्ची नवरीच्या पाटाजवळ ओढून घ्यायला मला सांगितलं. मी ओढली. त्यांनी हळदीचं बोट नातीच्या गालाला लावलं, टाळीचा ठेका धरला आणि तिथल्या तिथं जोडलेलं एक नवीनच कडवं सुरू केलं. त्यात गिरणी होती, पिठाच्या भुवया होत्या आणि खांबावरचा दबणारा दिवा होता. तीर्थपुरीच्या बायकांना त्यातलं काही कळलं नसणार, पण त्यांनी टाळ्या धरल्या. माझ्या नवऱ्यानं कुठून तरी ढोलकी मिळवून आणली. बऱ्याच वेळानं आत्याबाई थांबल्या, पाणी मागितलं, आणि घोट घेता घेता मला म्हणाल्या, "हे पण भरायचं का गं?"

"भरू की," मी म्हणाले. "आणखी दोन कडवी जोडा."